मण्यार की कवड्या?

पावसाळा लागला की माझ्या फोनवर सापांचे फोटो येऊ लागतात. बहुतेक अंधुक, बहुतेक मारून टाकलेल्या सापांचे, आणि प्रश्न ठरलेला: डॉक्टर, हा मण्यार की कवड्या?

दोघेही रात्रीचे, दोघेही घरात शिरणारे, दोघांच्याही अंगावर आडवे पट्टे. पण मण्यार जहाल विषारी आणि कवड्या बिनविषारी. मण्यारचे अंग चकचकीत काळे. त्यावरचे पांढरे पट्टे बारीक, बहुधा जोडीजोडीने, शेपटीकडे ठळक आणि मानेकडे विरत जाणारे. कवड्याचे उलटे: अंग तपकिरी, पट्टे मानेपासूनच सुरू आणि शेपटीकडे पुसट. मण्यारच्या पाठीच्या मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची रांगही असते, पण ती पाहण्याइतके जवळ जाणे सर्पमित्रांवरच सोडा.

आता हेही ऐका. मण्यारच्या पिल्लाचे पट्टे मानेपर्यंत असू शकतात, आणि एखाद्या जून मण्यारचे इतके फिके पडतात की तो नुसता काळा दिसतो. मोबाइलच्या उजेडात काळे काय आणि तपकिरी काय! साप नुसता दिसला असेल तर ही ओळख ठीक आहे. चावला असेल तर तिच्या भरवशावर घरी थांबू नका. 'कवड्याच होता' म्हणत पुन्हा झोपणाऱ्या माणसाची मला जास्त धास्ती वाटते.

कारण मण्यारचा दंश फसवा. सूज नाही, वेदना नाममात्र, कधी खूणही सापडत नाही. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीने उठतो, घरचे ओवा देतात. मग पापण्या मिटू लागतात, एकाचे दोन दिसते, थुंकी गिळवत नाही, शेवटी श्वास अडतो. निपचित पडलेल्या या रुग्णाला आजूबाजूचे सगळे ऐकू येत असते, हे नातेवाइकांनी लक्षात ठेवावे. विषाने नसांची टोके एकदा निकामी केली की प्रतिविष ती दुरुस्त करू शकत नाही. रक्तात फिरणारे विष तेवढे ते निष्प्रभ करते. मग टोके पुन्हा तयार होईपर्यंत व्हेंटिलेटरचाच आधार. म्हणून वेळ महत्त्वाची.

आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर एकच प्रतिविष आहे, तेव्हा साप मारून आणण्याची गरज नाही. लांबून फोटो मिळाला तर बरे, नाही तर राहू द्या. अंगठ्या-बांगड्या काढा, दंश झालेला हात किंवा पाय हलू देऊ नका आणि 108 ला फोन करा. करकचून दोरी बांधणे, चिरा देणे, मांत्रिक, काही नको. लक्षणे नसतील तर डॉक्टर लगेच प्रतिविष देणार नाहीत, कारण त्याची तीव्र ॲलर्जी येऊ शकते. पण निदान 24 तास देखरेखीखाली ठेवतील. 'काहीच होत नाहीये' म्हणून रुग्णाला मध्येच घरी नेऊ नका.

आणि जमिनीवर झोपणाऱ्यांनी मच्छरदाणी लावावी, कडा गादीखाली नीट खोचून.