स्वस्त पावडर, महाग पावडर

मोताळ्याला आमचा प्रौढांचा वर्ग रात्री भरतो. एका रात्री फळ्यावर 'पावडर' हा शब्द घेतला. शब्द वाचून झाला आणि वर्गात वाद पेटला.

एक मावशी म्हणाल्या, "आमच्या सुनेनं महागाची पावडर आणली. म्हणे, स्वस्ताच्या पावडरीनं कपडे निघत नाहीत. इतकी वर्सं निघाले, मग आताच काहून निघत नाहीत?"

सून वर्गातच होती. ती हळूच म्हणाली, "आत्याबाई, ह्यांच्या शर्टाची कॉलर पाहा न एकदा."

दोघींचे आम्ही ऐकून घेतले. भांडून कपडा निघत नाही. तेव्हा धुऊनच पाहायचे ठरले.

एक जुने पांढरे धोतर आणले. त्याचे दोन सारखे तुकडे केले. दोन्हींवर सारखे डाग पाडले : कपाशीच्या शेतातली काळी माती, खायचे तेल, दूध आणि हळदीची भाजी. डाग रात्रभर वाळू दिले. सकाळी दोन बादल्यांत सारखेच पाणी घेतले. एकीत स्वस्त पावडर एक चमचा, दुसरीत महाग पावडर एक चमचा. अर्धा तास भिजवले. मग दोन्ही तुकडे एकाच बाईने, मोजून वीस-वीस वेळा चोळले. कोणता तुकडा कोणत्या बादलीतला हे एका आजोबांना सांगितले नाही. निवाडा त्यांनी करायचा होता.

माती दोन्हींची निघाली. आजोबांना फरक ओळखता आला नाही. तेलाचा डाग स्वस्ताच्या बादलीत थोडा राहिला. मावशींचे तोंड उतरले. पण त्याच बादलीत आणखी अर्धा चमचा पावडर घालून पुन्हा भिजवले, तेव्हा तोही गेला. दुधाचा डाग मात्र महाग पावडरीने चांगला काढला. आणि हळद? हळदीचा डाग दोन्ही तुकड्यांवर लालभडक झाला! बाया हसू लागल्या. हळदीला सोड्याचे पाणी लागले की ती लाल होते. स्वच्छ पाण्याने धुतली की पुन्हा पिवळी होते. ते दोन्ही तुकडे आम्ही कडक उन्हात टाकले. संध्याकाळपर्यंत पिवळेपणा पुष्कळ उडाला. हे काम उन्हाने केले. त्याचे पैसे कोणत्याच कंपनीला द्यावे लागत नाहीत.

आता असे का झाले ते पाहू.

पावडरीत मळ काढणारे एक मुख्य द्रव्य असते. त्याच्या प्रत्येक कणाला दोन टोके असतात. एक टोक तेलाला धरते, दुसरे पाण्याला धरते. म्हणून तेलकट मळ कपडा सोडतो आणि पाण्याबरोबर निघून जातो. हे द्रव्य महाग असते. स्वस्त पावडरीत ते बहुधा कमी घालतात. धुण्याचा सोडा आणि नुसती भर जास्त असते. म्हणून ती थोडी जास्त लागते. चांगल्या महाग पावडरीत एन्झाइम नावाचे आणखी एक द्रव्य असते. दूध, रक्त, अंडे यांचे डाग ते फोडते. पण त्याला वेळ लागतो. कपडा भिजत ठेवला नाही, किंवा कढत पाणी ओतले, तर त्याचे पैसे वाया गेले.

फेसाचे काय? फेस पुष्कळ आला म्हणजे मळ पुष्कळ निघाला असे नाही. वास हा तर निव्वळ वासच. काही पावडरींत कपड्याला निळसर चमक देणारे द्रव्य असते. पूर्वी आपण नीळ देत होतो, त्यातलाच हा प्रकार.

हा सासू-सुनेचा वाद तसा जुना आहे. हिंदुस्थान लिव्हर कंपनीने १९५९ साली आपल्या देशात सर्फ आणला. तो गरिबाला परवडत नव्हता. १९६९ साली अहमदाबादला करसनभाई पटेल यांनी घराच्या मागे स्वतः पावडर तयार केली. ते सरकारी खात्यात नोकरीला होते. सायकलवर पुडे घेऊन ते दारोदार विकत. सर्फ किलोला सुमारे १३ रुपये होता, तेव्हा त्यांची पावडर सुमारे ३ रुपयांना मिळे. मुलीच्या नावावरून तिला त्यांनी निरमा म्हटले. लोकांनी ती इतकी घेतली, की शेवटी १९८७ साली मोठ्या कंपनीलाही व्हील ही स्वस्त पावडर काढावी लागली. आपल्याकडे अजून कुठलीही पावडर मागताना पुष्कळ जण 'निरम्याचा पुडा द्या' असेच म्हणतात.

आता हिशेब. समजा, स्वस्त पावडर किलोला ८० रुपये आणि महाग १६० रुपये आहे. म्हणजे एका ग्रॅमला ८ पैसे आणि १६ पैसे. एका बादलीला महाग पावडर २० ग्रॅम लागली, तर ३ रुपये २० पैसे झाले. स्वस्त ३० ग्रॅम लागली, तर २ रुपये ४० पैसे झाले. मावशी जिंकल्या! पण आम्ही त्यांना विचारले, "तुम्ही घरी पावडर कशी टाकता?" त्यांनी मूठ भरून दाखवली. ती मूठ दुकानातल्या काट्यावर मोजली, तर ६० ग्रॅम भरली. ६० ग्रॅमचे झाले ४ रुपये ८० पैसे. स्वस्त पावडर महागात पडली. मावशी काट्याकडे पाहतच राहिल्या.

मूठ मोठी होण्याला पाणीही कारण आहे. बोअरचे पाणी जड असले, तर त्यातला चुना पावडर खातो. अशा पाण्यात साबण नीट फेसत नाही, दह्यासारखा फाटतो. नदीच्या किंवा पावसाच्या पाण्यात पावडर कमी लागते. पावसाळ्यात पन्हाळीखाली पिंप ठेवले, तर तेवढीच बचत.

सोडा जास्त असलेल्या पावडरीने हात चरचरतात, कातडी फाटते. धुणे झाल्यावर हात साध्या पाण्याने धुवा आणि तेलाचे बोट लावा. रेशमी लुगडे व लोकरीचे कपडे अशा पावडरीत घालूच नका.

दुकानात गेल्यावर पुडा उलटा करा. मागे बारीक अक्षरात वजन लिहिलेले असते. दहा रुपयांच्या पुडीची किंमत तीच राहते, आतले ग्रॅम मात्र कमी होत जातात. एका ग्रॅमला किती पैसे, तेही आता बहुतेक पुड्यांवर छापतात. नावही पुरते वाचा. आमच्या वर्गातल्या एका बाईंनी चित्र आणि रंग पाहून पुडा आणला होता. वर्गात बोट ठेवून एकेक अक्षर वाचले, तर नावातले एक अक्षरच वेगळे निघाले! नकली माल होता. किती दिवसांपासून तो घरात येत होता, कोण जाणे.

मावशींनी आता पावडरीच्या डब्यात चमचा ठेवला आहे. सुनेने कॉलरीपुरती आणि लेकराच्या दुधाच्या कपड्यांपुरती महाग पावडरीची लहान पुडी आणली आहे. ती कुठे ठेवली आहे, हे मात्र तिने अजून आत्याबाईंना सांगितलेले नाही.