मोबाइल मनोऱ्याचा वाद आणि वादाची रीत

विज्ञानाच्या प्रश्नांवर पूर्वी व्याख्यानमालेत किंवा वर्तमानपत्रांच्या पत्रव्यवहारात चर्चा होई. बोलणारा कोण, त्याचा व्यवसाय कोणता, त्याचा अभ्यास किती, याची ऐकणाऱ्याला थोडीफार कल्पना असे. आज तीच चर्चा हातातील फोनच्या पडद्यावर चालते आणि वाद घालणारे बहुधा एकमेकांना अनोळखी असतात. विजेचे नवे मीटर जादा पळते काय, मायक्रोवेव्ह भट्टीतील अन्न निःसत्त्व होते काय, असे कितीतरी विषय तेथे निघतात. परंतु या सर्वांत चिवट वाद मोबाइल मनोऱ्याचा आहे. तो पडद्यावर थांबत नाही. पुढे कधीतरी ग्रामसभेत ठरावाचे रूप घेऊन तो पुन्हा उभा राहतो, आणि मग सरपंच, ग्रामसेवक व शाळेचे गुरुजी यांच्याकडे सर्वजण पाहू लागतात.

प्रश्न किरकोळ नाही. ज्या पाड्यावर रेंज नाही तेथे अडलेल्या बाळंतिणीसाठी १०८ क्रमांकाला बोलावण्याची सोय नाही. शिधावाटपाचे यंत्र जोडणीअभावी अडून बसते. २०२० च्या टाळेबंदीत कोकणातील मुले अभ्यासासाठी डोंगरमाथ्यावर जाऊन बसत, हे सर्वांनी वाचले आहे. दुसरीकडे, शाळेच्या भिंतीलगत मनोरा उभा राहिलेला पाहून आईबापांच्या मनात भीती उत्पन्न होते. तीही खोटी नसते. अशा वेळी वाद कसा घालावा, याला वाद कोणता आहे याइतकेच महत्त्व येते.

आपल्या परंपरेत या विषयाचे स्वतंत्र शास्त्र होते. न्यायसूत्रांनी चर्चेचे तीन प्रकार मानले आहेत. सत्य शोधण्यासाठी केलेला तो वाद, जिंकण्यासाठी केलेला तो जल्प, आणि स्वतःचे काहीच न मांडता केवळ दुसऱ्याचे खोडून काढणे ती वितंडा. यांतील जल्प शब्द व्यवहारातून मागे पडला, वितंडवाद मात्र मराठीत घरोघरी पोहोचला. यावरून लोकांचा अनुभव काय असावा याची कल्पना येते. शास्त्रार्थात आधी पूर्वपक्ष मांडण्याची प्रथा होती. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत सांगितल्यावरच उत्तराला आरंभ होई. मनोऱ्याच्या वादात विज्ञानाची बाजू घेणारेही ही पायरी गाळतात आणि ‘अडाणी’ हा एक शब्द टाकून मोकळे होतात.

पूर्वपक्ष नीट ऐकला तर प्रथम एक शब्दाचा घोळ हाती लागतो. मराठीत ‘किरणोत्सर्ग’ हा शब्द युरेनियमसारख्या मूलद्रव्यांच्या गुणधर्मासाठी रूढ आहे. लहरींच्या रूपाने पसरणाऱ्या ऊर्जेला शास्त्रीय परिभाषेत ‘प्रारण’ म्हणतात. परंतु बातम्यांत आणि बोलण्यात दोन्हींसाठी किरणोत्सर्ग हाच एक शब्द येतो. साहजिकच मनोऱ्याचे नाव निघताच ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे चेर्नोबिल उभे राहते. अर्धा वाद या एका शब्दाने पेटविलेला आहे, आणि तो दूर करण्यास शिक्षकाला पाच मिनिटे पुरतात.

लहरीच्या एका कणाची ऊर्जा तिच्या वारंवारतेवर अवलंबून असते. मोबाइलच्या नेहमीच्या लहरींची वारंवारता सेकंदाला सुमारे ७० कोटी ते ३५० कोटी कंपने इतकी असते. डोळ्यांना दिसणाऱ्या हिरव्या प्रकाशाची वारंवारता यांतील वरच्या आकड्याच्याही दीड लाखपट आहे. रेणूंचे बंध तोडण्याचे सामर्थ्य त्या प्रकाशाच्याही पलीकडे, अतिनील व क्ष-किरणांच्या प्रदेशात येते. मोबाइलच्या लहरी पुरेशा तीव्र असतील तर पदार्थ तापवितात. मायक्रोवेव्ह भट्टीचे काम याच गुणावर चालते. म्हणून सुरक्षेच्या मर्यादा मुख्यतः तापण्याच्या हिशेबाने ठरविल्या जातात. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून मनोऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादेचा दहावा हिस्सा एवढीच मर्यादा लागू केली. ९०० मेगाहर्ट्झला ती चौरस मीटरमागे ०.४५ वॅट इतकी येत होती.

येथे विज्ञानवादी मंडळी हमखास एक तुलना पुढे करतात. भर दुपारच्या उन्हात चौरस मीटरमागे सुमारे हजार वॅट पडतात, मग अर्ध्या वॅटाची भीती कसली? तुलना टाळ्या मिळविणारी आहे, पण पुरती प्रामाणिक नाही. ऊन कातडीतच अडते, मोबाइलच्या लहरी शरीरात काही सेंटिमीटर आत जातात. प्रतिपक्षातील एखाद्या जाणत्याने हे दाखवून दिले की उरलेले खरे मुद्देही संशयास्पद ठरतात.

त्याहून बळकट मुद्दा अंतराचा आहे. मनोरा शंभर मीटरवर असतो, फोन कानाला टेकलेला असतो, आणि अंतर दुप्पट झाले की तीव्रता चौथाईवर येते. शिवाय मनोरा दूर असला की फोन अधिक जोराने लहरी सोडतो. तेव्हा मनोरा गावाबाहेर लांब घालविला तर फोन वापरणाऱ्याच्या डोक्याजवळचे प्रारण वाढण्याचाच संभव अधिक. हे ऐकून बहुतेकांना आश्चर्य वाटते.

‘जागतिक आरोग्य संघटनेनेच याला कर्करोगकारक म्हटले आहे’ हे वाक्य प्रत्येक वादात येते. ल्यों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मे २०११ मध्ये या लहरींना ‘२-ब’ या वर्गात घातले, हे खरे आहे. त्या वर्गाचा अर्थ ‘कर्करोगकारक असण्याची शक्यता’ असा आहे. पुरावा किती भक्कम आहे एवढेच तो सांगतो. धोका किती मोठा हे सांगत नाही. कॉफी १९९१ पासून याच वर्गात होती, २०१६ मध्ये ती बाहेर काढण्यात आली. यावर उत्तर म्हणून ‘लोणचेही त्याच यादीत आहे’ असे हसतहसत सांगण्याची प्रथा पडली आहे. वस्तुतः यादीतील नोंद चीन, कोरिया, जपान या देशांत मिठात मुरविलेल्या भाज्यांची आहे. घरच्या कैरीच्या लोणच्याशी तिचा संबंध नाही. चुकीचे उदाहरण आपल्या बाजूचे असले तरी ते चुकीचेच. याच संघटनेने करविलेला मोबाइल आणि मेंदूच्या कर्करोगाविषयीचा व्यापक आढावा २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ६३ अभ्यास तपासण्यात आले व दोहोंमध्ये संबंध आढळला नाही. २०११ चा दाखला देणाऱ्यापुढे हा आढावा ठेवावा.

काही दावे मात्र केवळ तारखांनी निकालात निघतात. एप्रिल २०२० मध्ये ब्रिटनमध्ये ‘फाइव्ह-जी’ मुळे करोना पसरतो अशा समजुतीने मनोऱ्यांना आगी लावण्यात आल्या. मे २०२१ मध्ये तीच अफवा भारतात पसरली आणि दूरसंचार विभागाला १० मे रोजी खुलासा करावा लागला. त्या दिवशी देशात फाइव्ह-जीचे जाळे कोठेही नव्हते. ती सेवा १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. करोनाच्या लाटा तोवर येऊन गेल्या होत्या. येथे भौतिकशास्त्राची गरजच पडत नाही, दिनदर्शिका पुरते.

सर्वांत अवघड प्रसंग वेगळाच असतो. कोणीतरी लिहितो, ‘आमच्या समोर मनोरा आला आणि दोन वर्षांत भाऊ गेला.’ या माणसाला वारंवारतेचे गणित पाठविणे अनुचित होय. आधी त्याच्या दुःखाची दखल घ्यावी, आणि सांगायचेच असेल तर नंतर, शक्यतो त्याला एकट्याला सांगावे. देशात वर्षाला सुमारे साडेचौदा लाख लोकांना नव्याने कर्करोग होतो. मनोरेही लाखोंनी आहेत. तेव्हा पुष्कळ मनोऱ्यांच्या आसपास एखादे पीडित घर आढळणारच. खरी कसोटी मनोरे नसलेल्या गावांशी तुलना केल्यानेच लागते. राज्यघटनेत १९७६ मध्ये समाविष्ट झालेल्या मूलभूत कर्तव्यांत वैज्ञानिक दृष्टिकोनाला लागूनच मानवतावादाचा उल्लेख आहे, याचे स्मरण अशा वेळी व्हावे.

तरीही काहींची मते बदलत नाहीत. चरकसंहितेच्या विमानस्थानात वैद्यांच्या वादाचा विचार करताना श्रोत्यांचेही प्रकार सांगितले आहेत: जाणते आणि मूढ, आणि त्या दोहोंत पुन्हा स्नेही, उदासीन व आधीच विरोधी ठरलेले. विरोधी ठरलेल्या सभेत वादच करू नये, असा सल्ला तेथे आहे. फोनवरील समूहात दोघे-तिघे तावातावाने लिहितात आणि शंभर जण निमूट वाचतात. ते शंभर बहुधा उदासीन असतात. उत्तर त्यांच्यासाठी लिहावे: एकदा, सौम्य भाषेत, आकड्यांसह. तेच म्हणणे तिसऱ्यांदा लिहिण्याची पाळी आली की वादाचा जल्प झाला असे समजून थांबावे.

आणि जेथे मोजता येते तेथे मोजावे. दूरसंचार विभागाने २०१७ मध्ये ‘तरंग संचार’ हे संकेतस्थळ सुरू केले. त्यावर परिसरातील मनोऱ्यांची माहिती पाहण्याची आणि शुल्क भरून प्रारणाची मोजणी मागण्याची सोय ठेवण्यात आली. पंचायतीने अशी मोजणी मागवावी, तिचा खर्च ग्रामसभेला सांगावा, आणि कोणत्या घराच्या अंगणात, दिवसाच्या कोणत्या वेळी मोजायचे हे मनोऱ्याला सर्वाधिक विरोध करणाऱ्यांनाच ठरवू द्यावे. आकडा त्यांच्यादेखत वाचला जावा, आणि तो मर्यादेबाहेर निघाल्यास मनोऱ्याच्या बाजूने बोलणाऱ्यांनीच तक्रारीवर पहिली सही करावी, हेही आधीच ठरलेले असावे.