महानगरांतील हवा : मापन आणि पूर्वानुमान

महानगरातील हवा दूषित झाल्याचे डोळ्यांना दिसू लागते, तोवर उपाययोजनेची वेळ बहुधा निघून गेलेली असते. लंडन शहरावर ५ ते ९ डिसेंबर १९५२ या काळात कोळशाच्या धुराने भरलेले दाट धुके साचले. त्यामुळे सुमारे चार हजार माणसे मृत्युमुखी पडली, असा तत्कालीन अंदाज होता. नंतरच्या अभ्यासांनी ही संख्या आणखी मोठी ठरविली. ब्रिटनने १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा केला. भारतात असा अधिनियम १९८१ मध्ये झाला. परंतु कायद्याच्या अंमलबजावणीसाठी दोन गोष्टी आवश्यक असतात : हवेचे अचूक मापन आणि उद्याच्या हवेचा विश्वसनीय अंदाज.

मापन कसे होते?

जुनी पद्धत सोपी आहे. वजन केलेल्या गाळणकागदातून पंपाच्या साहाय्याने ठरावीक हवा खेचली जाते. कागदाचे पुन्हा वजन करून वाढलेल्या वजनाला हवेच्या घनफळाने भागले, की धूलिकणांचे प्रमाण मिळते. राष्ट्रीय कार्यक्रमात अशी मोजणी आठवड्यातून दोनदा, म्हणजे वर्षातून किमान १०४ वेळा अपेक्षित आहे. ही पद्धत खात्रीची असली, तरी उत्तर हाती येईपर्यंत ती हवा लोकांनी श्वासावाटे घेतलेली असते. म्हणून महानगरांत स्वयंचलित केंद्रे उभारण्यात आली. ती दिवसरात्र नोंदी घेतात.

सर्वांत घातक असतात ते २.५ मायक्रोमीटरपेक्षा लहान कण. केसाच्या जाडीच्या सुमारे पंचविसाव्या भागाएवढे हे कण फुप्फुसांत खोलवर जातात. भारतीय मानकानुसार एक घनमीटर हवेत त्यांचे चोवीस तासांचे सरासरी प्रमाण ६० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक असू नये. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ मधील शिफारस १५ मायक्रोग्रॅमची आहे.

निर्देशांकाचा अर्थ

२०१५ पासून वापरात आलेल्या राष्ट्रीय वायुगुणता निर्देशांकात आठ प्रदूषकांचा विचार होतो. प्रत्येकाचा उपनिर्देशांक काढून त्यांतील सर्वांत मोठा आकडा जाहीर केला जातो; त्यांची सरासरी काढली जात नाही. उदाहरणार्थ, १० मायक्रोमीटरपर्यंतच्या कणांचे प्रमाण १०० मायक्रोग्रॅम असेल, तर उपनिर्देशांक १०० येतो. त्याच वेळी २.५ मायक्रोमीटरपर्यंतचे कण ९० मायक्रोग्रॅम असतील, तर त्यांचा उपनिर्देशांक २०० येतो. अशा वेळी त्या ठिकाणचा निर्देशांक १५० नव्हे, २०० असतो. शाळेत हा विषय शिकविताना हे उदाहरण उपयोगी पडेल. मात्र एका केंद्राचा आकडा साऱ्या शहराचा नसतो. वर्दळीचा चौक आणि उद्यान यांच्या हवेत मोठा फरक असू शकतो.

अंदाज कशावरून बांधतात?

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ‘सफर’ ही प्रणाली विकसित केली. ती दिल्लीत २०१०, पुण्यात २०१३, मुंबईत २०१५ आणि अहमदाबादेत २०१७ मध्ये सुरू झाली. अशा अंदाजाला तीन आधार लागतात. पहिला, हवामान : वारा, तापमान, आर्द्रता आणि प्रदूषके ज्या उंचीपर्यंत मिसळतात ती उंची. दुसरा, उत्सर्जनाची नोंद : कोणत्या भागात किती वाहने, कारखाने, भट्ट्या आणि बांधकामे आहेत. तिसरा, केंद्रांवरील ताजी निरीक्षणे. संगणक या साऱ्यांची सांगड घालून पुढील दिवसांचे चित्र मांडतो.

मुंबईत समुद्रावरून येणारे वारे हवा स्वच्छ करतात. हिवाळ्यात ते मंदावले, की तेवढाच धूर आणि तेवढीच धूळ अधिक हानी करते. म्हणून वाऱ्याचा अंदाज हा प्रदूषणाच्या अंदाजाचा पाया ठरतो.

अंदाज आणि कृती

दिल्लीत पूर्वी प्रदूषणाने ठरावीक मर्यादा ओलांडल्यानंतर निर्बंध लागू होत. २०२२ मध्ये अंदाजाच्या आधारे आधीच पावले उचलण्याची पद्धत स्वीकारण्यात आली. तरीही नोव्हेंबर २०२४ मध्ये निर्बंधांना विलंब झाल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने प्रशासनाकडे विचारणा केली. हवा सुधारेल या अपेक्षेने थांबणे किती महाग पडू शकते, हे त्यातून दिसले. अंदाजात अनिश्चितता असतेच. म्हणून शंका असताना सावधगिरीच्या बाजूने निर्णय घेणे हिताचे असते.

अंदाजाची अचूकता केवळ प्रयोगशाळेत ठरत नाही. महानगरालगतच्या गावातील वीटभट्टी, खडीयंत्र किंवा उघड्यावर पेटविलेला कचरा यांची नोंद झाली नाही, तर संगणकाचे गणित तेवढे अपुरे राहते. ग्रामपंचायती आणि नगरपालिका यांनी दिलेली खरी माहिती हा या व्यवस्थेचा आधार आहे. आदल्या दिवशी मिळालेल्या इशाऱ्यानुसार बांधकामांवर पाणी फवारणे, राडारोडा झाकून नेणे, कचरा जाळण्यास प्रतिबंध करणे आणि शाळांतील मैदानी खेळ पुढे ढकलणे ही कामे स्थानिक पातळीवरच व्हावयाची आहेत. ती वेळेवर झाली, तरच जाहीर झालेल्या आकड्याचा लाभ बालके, वृद्ध आणि श्वसनविकाराचे रुग्ण यांच्यापर्यंत पोहोचेल.