संगणकीय खेळांतील चित्रे व त्यांची रंगसारणी

पडद्यावरील चित्र बारीक ठिपक्यांचे बनलेले असते. एका ठिपक्याचा रंग नोंदविण्यास स्मृतीत जितके बिट राखून ठेवावे लागतात, त्या संख्येस रंगखोली म्हणतात. चार बिटांत सोळा रंग सांगता येतात, आठ बिटांत २५६, आणि चोवीस बिटांत १,६७,७७,२१६.

आता आठ बिटांची एखादी संख्या, समजा ४७, कोणता रंग दर्शविते? तिच्यात स्वतःचा असा रंगच नाही. ती केवळ एक क्रमांक होय. भरतकामाच्या नमुन्यावर चौकटीचौकटींत आकडे छापलेले असतात व कोणत्या आकड्यास कोणता दोरा घ्यावा याची यादी बाजूस दिलेली असते, तसाच हा प्रकार आहे. या यादीस रंगसारणी किंवा पॅलेट म्हणतात. यादी बदलली तर हिरवी पाने जांभळी होतील, आणि टाका मात्र एकही चुकलेला नसेल!

१९८७ साली आयबीएम कंपनीने व्हीजीए ही चित्रयंत्रणा आणली. तिच्या एका प्रकारात ३२० × २०० ठिपके व २५६ रंग मिळत. प्रत्येक ठिपक्यास एक बाइट, म्हणजे सारे चित्र ६४,००० बाइटांचे. चोवीस बिटांनी तेच १,९२,००० बाइट झाले असते. खेळ रचणाऱ्यांना ही काटकसर फार मोलाची वाटली.

परंतु चित्र स्मृतीत उतरविताना दक्षता लागे. पीसीएक्स पद्धतीच्या २५६ रंगी चित्रात सारणी धारिकेच्या अगदी शेवटच्या ७६८ बाइटांत असते. तीत तांबडा, हिरवा व निळा या घटकांची तीव्रता ० ते २५५ अशी दिलेली असते. व्हीजीए मात्र ० ते ६३ एवढीच जाणत असे. म्हणून प्रत्येक संख्येस चाराने भागणे अवश्य होते. न भागता २०० ही संख्या पाठविल्यास यंत्र तिचे खालचे सहा बिट तेवढे घेई, म्हणजे ८. जेथे ५० चा उजेड हवा तेथे जवळजवळ काळोख!

दुसरी अडचण अधिक खोल होती. पडद्यास सारणी एकच. नायकाचे चित्र एका सारणीने व अरण्याचे दुसरीने रंगविले असेल, तर दुसरी भरताच पहिले चित्र विद्रूप होई. यास्तव सर्व चित्रे आरंभीच एका सामाईक सारणीत बसवीत. या बंधनातूनच एक सुंदर युक्तीही निघाली. १९९३ च्या ‘डूम’ या खेळात चौदा सारण्या होत्या. खेळाडूस इजा झाली की तांबूस सारणी भरली जाई आणि एकाही ठिपक्यास न शिवता सारा पडदा रक्तवर्ण होई.

आज १९२० × १०८० ठिपक्यांचा बत्तीस बिटी पडदा ८२,९४,४०० बाइट घेतो, आणि तेवढी स्मृती सहज उपलब्ध असते. तरीही क्रमांकांची चित्रे वापरात आहेतच. असे चित्र मोठे करताना शेजारच्या ठिपक्यांची सरासरी काढून ते मऊ करण्याचा मोह होतो. पण १० व २० या क्रमांकांची सरासरी १५, आणि पंधरावा रंग त्या दोहोंच्या मधला असेलच असे नाही. तो कदाचित भडक पिवळाही निघेल. म्हणून प्रथम प्रत्येक क्रमांकाचा रंग सारणीतून काढावा आणि मिश्रण त्यानंतर करावे.