होडीची केबिन उबदार कशी राखतात?



पनवेलहून गोव्याच्या महामार्गाने दहा-बारा किलोमीटर गेले की कर्नाळ्याचे पक्षी अभयारण्य लागते. गेल्या जानेवारीत एका शाळेच्या नववीच्या मुलांबरोबर मी तेथील किल्ला चढून गेलो होतो. अंगठ्यासारख्या दिसणाऱ्या त्या सुळक्याच्या पायथ्याशी कातळात खोदलेली टाकी आणि कोठारे आहेत. तेथेच सावलीत आम्ही डबे सोडले आणि तेवढ्यात माझ्या फोनवर एका जुन्या विद्यार्थ्याचा निरोप आला. तो सध्या नॉर्वेत बर्गेनजवळ राहतो. त्याने एक लहान मोटरबोट घेतली होती आणि तिच्या केबिनमध्ये डिझेलवर चालणारा हीटर तो स्वतःच्या हाताने बसवणार होता. सोबत आराखडा होता आणि प्रश्न होता, "सर, यात काही चुकते आहे का?"

मुलांना मोठी गंमत वाटली. आपल्या मुंबई बंदरातल्या होडीला पंखा हवा, हीटर कशाला? पण बर्गेनला थंडीत पारा शून्याच्या आसपास असतो, हे सांगितल्यावर एकीने विचारले, "मग सर, केबिनमध्ये एक शेगडी ठेवली की झाले! एवढे नळकांडे कशाला?" प्रश्न उत्तम होता. त्याचे उत्तर आम्ही कोठाराच्या तोंडाशी बसूनच काढले.

असे समजा की केबिन २ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि दीड मीटर उंच आहे. तिचे घनफळ ६ घनमीटर. त्यात हवा भरली साधारण ७ किलोग्रॅम. १ किलोग्रॅम हवा १ अंशाने तापवायला सुमारे १ किलोज्यूल उष्णता लागते. म्हणजे २० अंशांसाठी झाली १४० किलोज्यूल. २ किलोवॅटचा हीटर एवढी उष्णता ७० सेकंदांत देईल! मग रात्रभर तो जाळायचा कशासाठी? कारण उष्णता आत राहतच नाही. केबिनच्या सहा बाजूंचे क्षेत्रफळ २० चौरस मीटर आहे. पातळ फायबरग्लासमधून दर चौरस मीटरला, दर अंशामागे ४ वॅट बाहेर जातात असे धरले, तर २० अंशांच्या फरकाला १,६०० वॅट नुसते बाहेर पाझरतात. हीटर खरे तर हवा तापवत नाही, भिंतीतून होणारी गळती भरून काढतो.

आता ही उष्णता शेगडीने द्यायची म्हटली तर काय होईल ते पाहू. १ लिटर डिझेल जळून सुमारे ३६ मेगाज्यूल उष्णता मिळते. २ किलोवॅटसाठी तासाला पाव लिटर डिझेल पुरे. किती थोडे! पण पाव लिटर डिझेलला जळण्यासाठी सुमारे अडीच घनमीटर हवा लागते. बंद केबिनमध्ये एकूण हवा आहे ६ घनमीटर, आणि श्वासासाठीही तीच. शिवाय डिझेलमधील हायड्रोजनचे जळून पाणी होते. १ लिटर डिझेलमागे जवळजवळ १ लिटर पाणी! हे पाणी वाफेच्या रूपात केबिनमध्ये पसरेल आणि थंड भिंतींवर दवासारखे जमून अंथरूण भिजवील. मुलांना हे पटेना, तेव्हा पाण्याने भरलेले गार पातेले गॅसवर ठेवताच त्याच्या बुडाशी क्षणभर येणारा ओलावा आठवा, असे मी सांगितले. घरी करून पाहा.

पण खरे संकट यापुढे आहे. ऑक्सिजन कमी पडू लागला की इंधनातील कार्बन पुरता जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. आपण २१० पट धरू. हवेत ऑक्सिजन २१ टक्के आहे. २१ ला २१० ने भागा, उत्तर येते ०.१. हवेत नुसता ०.१ टक्का मोनॉक्साइड असला आणि माणूस त्यात काही तास राहिला, तर निम्मे हिमोग्लोबिन त्याच्या ताब्यात जाते. ६ घनमीटरच्या ०.१ टक्का म्हणजे ६ लिटर वायू, एका लहान कळशीत मावेल एवढा.

जॉन स्कॉट हॉल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने हा वायू स्वतः हुंगून त्याचे परिणाम तपासले होते. खाणीत पिंजऱ्यातून लहान पक्षी न्यावेत, ही सूचनाही त्याचीच. पक्ष्याच्या फुप्फुसातून हवा एकाच दिशेने वाहते आणि आकारमानाच्या मानाने त्याचा श्वासोच्छ्‌वास फार जलद असतो, म्हणून विषारी वायूचा परिणाम त्याच्यावर माणसाच्या आधी होतो. ब्रिटनच्या खाणींतील कॅनरी पक्षी १९८६ मध्ये निवृत्त झाले आणि त्यांची जागा विजेच्या उपकरणांनी घेतली. (कर्नाळ्याच्या झाडावर कोतवाल ओरडत असताना हे सांगायला मला जरा जड गेले.)

आता ते नळकांडे. होडीच्या हीटरमध्ये ज्योत एका बंद धातूच्या कोठीत जळते. त्या कोठीला बाहेरची हवा आणणारी एक नळी असते आणि धूर बाहेर सोडणारी दुसरी. एक छोटा पंप टिकटिक करीत डिझेलचे थेंब मोजून पाठवतो. कोठीला बाहेरून पंखासारख्या पट्ट्या असतात. केबिनची हवा पंख्याने त्यांच्यावरून फिरते आणि तापून परत येते. ज्योतीची हवा आणि माणसाची हवा यांची गाठ कोठेच पडत नाही. भेट होते ती फक्त उष्णतेची, धातूच्या भिंतीतून. बंद करतानाही वीज एकदम तोडायची नसते. ज्योत विझल्यावर पंखा काही मिनिटे चालून तापलेली कोठी निववतो.

माझ्या विद्यार्थ्याने हे सारे बरोबर काढले होते. चूक होती ती धुराच्या नळीच्या तोंडात. नळी आखूड पडावी म्हणून त्याने ते होडीच्या मागच्या बाजूस, केबिनच्या दाराखालीच ठेवले होते. धावणाऱ्या एस.टी.च्या मागच्या बाकावर तुम्ही बसला असाल, तर चूक लगेच ध्यानात येईल. गाडीच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो, भोवरे उठतात आणि रस्त्यावरची धूळ मागच्या खिडकीतून आत येते. होडीच्या पाठीमागेही तेच घडते, फक्त धुळीऐवजी धूर आत येईल. मी त्याला नळी बाजूच्या अंगावर, पाण्याच्या पातळीच्या बरीच वर, दार-खिडक्यांपासून लांब काढायला सांगितले. लाट आत शिरू नये म्हणून तिला वर उचललेला बाक द्यायचा आणि झोपण्याच्या जागेजवळ मोनॉक्साइडची सूचना देणारी घंटा बसवायची, हेही कळवले.

आपल्याला होडी नाही, थंडी नाही, म्हणून हे वाचून सोडून देऊ नका. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवणारा गॅसचा गीझर किती शक्तीचा? ६ × ४.२ × २५ = ६३० किलोज्यूल दर मिनिटाला, म्हणजे साडेदहा किलोवॅट. होडीच्या हीटरच्या पाचपट! न्हाणीघर मात्र त्या केबिनएवढेच, आणि अनेक गीझरना धुराची नळीच नसते. दारे-झरोके बंद असतील तर अर्ध्या तासात सगळा ऑक्सिजन संपेल असा हा हिशेब आहे. ज्योत बिघडायला त्याच्या कितीतरी आधी सुरुवात होते.

हे मला पुस्तकातून कळले असते तर बरे झाले असते. काही वर्षांपूर्वी डिसेंबरात गार वारा येतो म्हणून आमच्या न्हाणीघराच्या झरोक्याला मी स्वतः पुठ्ठा ठोकला. पदार्थविज्ञान शिकवणारा मी! तिसऱ्या दिवशी भाची आंघोळीला गेली ती बाहेर येईना. कडी कच्ची होती म्हणून दार एका धक्क्यात उघडले. तिला मोकळ्या हवेत आणले, रुग्णालयात ऑक्सिजन दिला, ती बरी झाली. डोके दुखत होते, पण थंडीने असेल असे वाटले, असे ती नंतर म्हणाली. आता आमचा गीझर बाहेर उघड्या सज्जात आहे; आत येते ते फक्त गरम पाणी.

तुमच्या न्हाणीघराची लांबी, रुंदी, उंची मोजा. गीझरवर मिनिटाला किती लिटर हा आकडा छापलेला असतो. १ घनमीटर हवेत गॅस जळून साधारण साडेतीन मेगाज्यूल उष्णता निघते असे धरून, तुमच्या घरची मिनिटे किती येतात ते काढा. मग झरोका कशाने बंद झालेला आहे का, तेही स्टुलावर चढून पाहून या.