किनवटचे जंगल आणि लातूरचा माळ : देशी वनांचे संवर्धन

प्रस्तुत पाठात देशी वनांचे संवर्धन आणि शाश्वत व्यवस्थापन या विषयाचा विचार आपण नांदेड व लातूर या दोन शेजारी जिल्ह्यांच्या आधारे करणार आहोत. नांदेडच्या उत्तरेस, पैनगंगेच्या काठी आणि सातमाळा डोंगररांगांत पसरलेले किनवट-माहूरचे सागवनी जंगल हे मराठवाड्यातील मोठे वनक्षेत्र होय. याउलट बालाघाटच्या पठारावरील लातूर जिल्ह्यात वनाच्छादन एक टक्काही नाही. एका ठिकाणी वन टिकवायचे कसे हा प्रश्न आहे, तर दुसऱ्या ठिकाणी वन म्हणावे तरी कशाला, येथपासूनच सुरुवात करावी लागते.

देशी वन म्हणजे केवळ देशी जातींच्या झाडांची लागवड नव्हे. त्या भूमीत, तेथील पावसावर, माणसाने न लावता उगवलेली झाडे, वेली, झुडपे, गवते आणि त्यांच्या आश्रयाने राहणारे जीव यांचा तो दीर्घकालीन सहवास असतो. किनवटच्या जंगलात सागासोबत धावडा, ऐन, मोह, तेंदू, सालई, पळस, चारोळी, बिबा, बांबू आढळतात. हे पानझडी वन आहे. उन्हाळ्यात ते उघडेबोडके दिसते, म्हणून ते मृत झाले असे समजू नये.

अशा वनाला स्वतःला सावरण्याची विलक्षण शक्ती असते. साग तोडला तरी बुंध्यातून फुटवे येतात. पळस आणि तेंदू मुळांपासून पुन्हा वर येतात. परंतु हे कोवळे फुटवे आणि बियांपासून उगवलेली रोपे दरवर्षी वणव्यात जळाली किंवा गुरांच्या तोंडी गेली, तर काय होते? मोठी झाडे उभीच राहतात. जंगल पावसाळ्यात हिरवेगार दिसते, मात्र त्याला वारस उरत नाही. वनाचे आरोग्य केवळ उंच झाडांवरून ठरवू नये, गुडघ्याएवढी रोपे किती आहेत हेही पाहावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मोहाचे उदाहरण यादृष्टीने उद्बोधक आहे. गोंड, कोलाम, आंध या समाजांच्या उपजीविकेत मोहाला मोठे स्थान असल्याने हे झाड सहसा कोणी तोडत नाही. फुले गळून पडतात आणि ती वेचल्याने झाडाला इजाही होत नाही. तथापि फुले स्पष्ट दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवला जातो. त्यात रोपे जळतात आणि आग पुढेही पसरते. म्हणजे झाडाला जपूनही झाडाची पुढची पिढी हातची जाते. पालापाचोळा झाडून बाजूला केला तर हे टळते. त्याला कष्ट अधिक लागतात, एवढेच. तेंदूपानांसाठी झुडपे छाटण्याऐवजी आग लावणे, डिंकासाठी धावड्याला वारंवार खोल घाव घालणे, चारोळी पिकण्यापूर्वीच फांद्यांसह ओरबाडणे, हेही याच प्रकारात मोडते. शाश्वत व्यवस्थापनाचा अर्थ येथे सोपा आहे : वन जेवढे पुन्हा देऊ शकते तेवढेच घ्यावे, आणि घेण्याची रीत अशी असावी की देणारे झाड जगेल. उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा काढणे, तसेच जंगलाचा एकेक भाग आळीपाळीने काही वर्षे चराईसाठी बंद ठेवणे, ही त्याची नेहमीची साधने आहेत.

परंतु चारोळी अपक्व का तोडली जाते? आपण थांबलो तर दुसरा नेईल, ही भीती त्यामागे असते. येथे प्रश्न वनस्पतिशास्त्राचा न राहता अधिकाराचा होतो. किनवट १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होते. निजामी राजवटीत जंगले राखीव झाली आणि फिरत्या शेतीवर बंधने आली. त्याच आदिलाबाद जिल्ह्यात १९४० मध्ये कुमरम भीम यांच्या नेतृत्वाखाली गोंडांनी उठाव केला. पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामात जंगल सत्याग्रह झाले, तसेच निजामाचा महसूल बुडवण्यासाठी शिंदीची झाडे तोडण्यात आली. झाड हे परक्या खजिन्याचे प्रतीक ठरले की त्याचे रक्षण करावेसे कोणाला वाटणार? २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभांना सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण व व्यवस्थापन करण्याचा हक्क मान्य केला. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाला तो २००९ मध्ये मिळाला. हक्क मिळाल्याने वन आपोआप वाचत नाही, हे खरे. पण केव्हा तोडायचे आणि किती तोडायचे याचा नियम गावाला करता येतो आणि पाळता येतो.

आता लातूरकडे वळू. येथील बोलीत ‘रान’ म्हणजे शेत. ‘रानात गेलो’ याचा अर्थ जंगलात गेलो असा कोणी घेत नाही. हा केवळ भाषिक विनोद नाही. जमीन कशी बदलत गेली याची ती नोंद मानता येईल. जे उरले आहे ते तुकड्यातुकड्यांनी : गायराने, ओढ्यांचे काठ, देवस्थानांच्या जागा. चाकूर तालुक्यातील वडवळ नागनाथची टेकडी औषधी वनस्पतींसाठी ‘संजीवनी बेट’ म्हणून ओळखली जाते. अशा बेटाला लागवडीपेक्षा राखणीची गरज असते. औषधासाठी मुळासकट उपटलेली वनस्पती पुढच्या वर्षी बी देत नाही.

वृक्षलागवडीच्या मोहिमांबाबतही विवेक हवा. राज्याने २०१६ मध्ये दोन कोटी, तर २०१९ मध्ये तेहतीस कोटी वृक्षांचे उद्दिष्ट ठेवले होते. ओसाड वस्तीत, रस्त्याकडेला झाडे लावणे इष्टच आहे. मात्र सरकारी दप्तरात ‘पडीक’ म्हटलेला माळ हा पुष्कळदा पवन्या-कुसळीसारख्या गवतांचा, चंडोल, काळवीट आणि खोकडाचा मूळचा अधिवास असतो. तेथे गिरिपुष्प किंवा निलगिरीची दाट लागवड केल्यास झाडांची संख्या वाढते, परंतु देशी निसर्ग घटतो.

क्षेत्रकार्य : आपल्या गावातील गायरान, देवस्थान किंवा ओढाकाठ यांपैकी एक जागा निवडा. तेथील झाडांची स्थानिक नावे गावातील वयस्कर व्यक्तींकडून टिपून घ्या. प्रत्येक जातीची मोठी झाडे व लहान रोपे स्वतंत्रपणे मोजा. ज्या जातीची मोठी झाडे आहेत पण रोपे नाहीत, तिच्याबाबत कारण शोधून सुमारे दोनशे शब्दांत टिपण लिहा.