झिजलेल्या किल्लीची नक्कल नको

जुन्या स्कूटरची किल्ली अडकायला लागली, की ती दाखवून मशीनवर दुसरी कापून घेऊ नका. झिजलेल्या किल्लीची हुबेहूब नक्कल केली, तर झीजही हुबेहूब उतरते. वाळूजच्या एका कारखान्यात मी अनेक वर्षं फिटर होतो, त्यामुळे कानस रोजच्या हाताखालची. पण कुलपाचं काम मला शिकवलं ते वडिलांच्या बजाज चेतक स्कूटरने.

1985 मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि या भागाचं दुचाकीशी नातं घट्ट झालं. चेतक त्याआधीची, 1972ची. 2020 मध्ये ती विजेवर परत आली, पण पेट्रोलवरच्या जुन्या चेतक आजही कुणाकुणाच्या अंगणात उभ्या दिसतात. त्यांच्या किल्लीत चिप नाही, म्हणूनच ती हाताने घडवता येते.

आमच्या गाडीला एकच किल्ली उरली होती. एका चावीवाल्याने तिच्यावरून मशीनवर नवी कापून दिली. ती हँडल लॉकमध्ये गेली, पण फिरेना. त्याने सरळ पक्कड लावली. अॅल्युमिनियमची किल्ली मानेपाशी तुटली आणि पातं कुलपात राहिलं. हँडल लॉक असलेली गाडी ढकलता येईना, शेवटी टेम्पोत घालून घरी आणली.

असं काही झालं तर तुकड्याला फेव्हिक्विक लावून ओढायच्या फंदात पडू नका, आतलं सगळं चिकटून बसतं. फ्रेट-सॉचं बारीक पातं दात बाहेरच्या बाजूला येतील असं धरून तुकड्याच्या कडेने सरकवा आणि हळूच ओढा. माझा तुकडा असाच निघाला.

आता किल्लीकडे वळू. अशा कुलपाच्या सिलिंडरमध्ये स्प्रिंगवर बसवलेल्या पितळी पट्ट्या असतात. योग्य किल्ली आत गेली की सगळ्या पट्ट्या सिलिंडरच्या पृष्ठभागाशी समपातळीत येतात, तेव्हाच ते फिरतं. एखादी केसभर बाहेर राहिली तरी अडतं.

बऱ्याच गाड्यांत डिकी आणि हँडल लॉकला एकच किल्ली असते. आमच्याकडेही तसंच होतं. जुनी किल्ली हलवत हलवत डिकी उघडली आणि तिथलं सिलिंडर बाहेर काढलं. ते रॉकेलने धुऊन, सुकवून हातात घेतलं, की पट्ट्या डोळ्यांना दिसतात. पितळेची कोरी किल्ली त्यात घाला. तिच्या बाजूच्या खाचा कुलपाच्या तोंडाशी जुळायला हव्यात, किल्ली आत डुगडुगत असेल तर ती परत करा. जिथे पट्टी वर आलेली दिसेल, तिथे किल्लीवर खूण करून बारीक कानशीचे दोनच हात मारा. पुन्हा घालून बघा. धातू काढता येतो, परत लावता येत नाही, म्हणून दोन-तीन कोऱ्या किल्ल्या जवळ ठेवा. खाचांचे उतार सौम्य ठेवा, नाहीतर किल्ली आत जाईल पण बाहेर येणार नाही. शेवटी कडेवरची कूस पॉलिश पेपरने काढा.

नवी किल्ली हँडल लॉकमध्ये चालली म्हणून लगेच रस्त्यावर निघू नका. गाडी स्टँडवर उभी करून लॉक उघडा, किल्ली काढा आणि हँडल दोन्हीकडे पूर्ण फिरवून पाहा. लॉकचा खिट्टा कुठे जरासा जरी अडला, तर गाडी चालवू नका, कुलूपच बदला. चालत्या गाडीचं हँडल अडकलं तर जिवावर बेतेल.

कुलपात खोबरेल किंवा इंजिन ऑइल घालू नका. आपल्याकडची धूळ त्यात बसून चिखल होतो. ग्रॅफाइटची भुकटी पुरते.

हे सगळं स्वतः जमत नसेल तर चावीवाल्याकडे जरूर जा, पण आरसी बुक सोबत न्या. कागद मागणारा कारागीर खडूस नसतो, भरवशाचा असतो. किल्ली आपल्या समोरच करून घ्या आणि कुलूप किंवा किल्लीचा साबणावरचा छाप कुणाकडे सोडून येऊ नका. मूळ किल्लीवर किंवा सिलिंडरवर नंबर कोरलेला असेल तर तो वहीत लिहून ठेवा. चोरीचा विमा असेल तर मूळ किल्ल्या कधीही टाकू नका, दावा करताना कंपनी त्या मागते.

आणि दुसरी किल्ली पहिली शाबूत आहे तोवरच करून घ्या.